माशांच्या डीएनएवर काम करताय? या चुका टाळा

सोलापुरात बसून स्टर्जन माशाचा अभ्यास कशाला, असं एमएस्सीची मुलं पहिल्याच दिवशी विचारतात. बरोबर आहे, स्टर्जन आपल्या नद्यांत नाही. तो कॅस्पियनचा, काळ्या समुद्राचा, डॅन्यूबचा, यांगत्सेचा, उत्तर अमेरिकेतल्या नद्यांचा. पण कॅव्हिअरच्या, म्हणजे त्याच्या खारवलेल्या अंड्यांच्या, हव्यासानं आणि धरणांनी हा मासा इतका अडचणीत आणला, की त्याला वाचवण्यासाठी जेनेटिक मार्कर (माशामाशांतला फरक दाखवणारे डीएनएचे ठरावीक भाग) वापरून झालेलं काम भरपूर आहे आणि त्याचे सिक्वेन्स, म्हणजे वाचून काढलेला डीएनए, जेनबँक या सगळ्यांना खुल्या असलेल्या संग्रहात फुकट मिळतात. म्हणून आधी स्टर्जनवर हात बसवायचा आणि मग उजनीच्या माशांकडे वळायचं, अशी माझी पद्धत आहे. दोन्हीकडे चुका मात्र त्याच त्या होतात, आणि बहुतेक सगळ्या घाईपोटी.

मासा कुठला, हेच माहीत नसणं

या एका चुकीवर मी तासभर बोलू शकते.

एका कॉलेजचा गट माझ्याकडे पोस्टर दाखवायला आला होता. विषय होता उजनीतल्या रोहूची जनुकीय विविधता. चाळीसेक माशांच्या पराचे तुकडे, मायक्रोसॅटेलाइट मार्कर (डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे), नमुन्यांचे समूह पाडणाऱ्या स्ट्रक्चर या सॉफ्टवेअरचा रंगीत आलेख, आणि निष्कर्ष असा की उजनीत रोहूचे तीन वेगळे समूह आहेत. आलेख खरोखर देखणा होता. मी एवढंच विचारलं, "मासे कोणत्या होडीतले?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नमुने बाजारातून घेतले होते, सकाळच्या लिलावात, एकाच दिवशी.

मी त्यांना घेऊन त्याच आडतीवर गेले. व्यापाऱ्यानं काही लपवलं नाही. क्रेटवर हात ठेवत तो म्हणाला, "हा शेततळ्याचा बघा मॅडम, काल तळं उपसलंय. हा बर्फातला आंध्रच्या गाडीचा. आणि हा एवढाच उजनीचा. गिऱ्हाईक सगळ्यालाच उजनीचा का विचारतंय, आम्ही हो म्हणतोय." शेततळ्याच्या क्रेटमधले मासे जवळून बघितले तर सगळे एका मापाचे, वीतभर लांब, जणू साच्यातून काढलेले. एकाच खेपेचं बीज. परत येऊन माशांमधलं नातं तपासायला लावलं, तेव्हा बरेचसे नमुने सख्ख्या भावंडांचे निघाले. ज्यांना तीन समूह म्हटलं होतं ती हॅचरीतली तीन कुटुंबं होती. स्ट्रक्चर काही खोटं बोललं नव्हतं. भावंडांचा घोळका दिला, की ते त्याला वेगळा समूह समजतं.

स्टर्जनमध्ये हाच धोका कितीतरी पट मोठा आहे. एक मोठी मादी लाखांनी अंडी देते, त्यामुळे मोजक्या नर-मादीपासून हॅचरीत नदीभर पिल्लं तयार होतात. नदीत पुढे पकडलेली पिल्लं एकाच आईची असू शकतात. रायमन आणि लायक्रे यांनी 1991 मध्ये गणितानं दाखवून दिलं, की थोड्या पालकांची खूप पिल्लं सोडली तर मासे वाढलेले दिसूनही समूहाची प्रभावी संख्या, म्हणजे पुढच्या पिढीला खरोखर जनुकं देणाऱ्या पालकांचा हिशेब, घटू शकते. बेलुगा या स्टर्जनच्या जातीची मादी वयात यायलाच 15 वर्षं किंवा जास्त लागतात. आज चुकीचं बीज सोडलं तर ते कळेपर्यंत एक पिढी निघून जाते.

माझी सवय सांगते. मी नमुना होडीवरच घेते. कूगाव, केत्तूर, टेंभुर्णीकडच्या भोई मंडळींबरोबर पहाटे जाळी निघताना काठावर थांबायचं, एका जाळ्यातून दोन-तीनच मासे घ्यायचे, तेही वेगवेगळ्या मापाचे, आणि परत वेगळ्या हंगामात जायचं. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा मार्ग नाही. शिवाय जलाशयात कोणत्या साली कुठल्या हॅचरीची बोटुकली सोडली, हे विचारून वहीत लिहायचं. ज्यांना उन्हात जायचं नाही, त्यांनी जेनबँकेतल्या माहितीवर काम करावं. ते कमी प्रतीचं काम नाही. मात्र बाजारातल्या माशाला "भीमा नदीचा समूह" म्हणू नये.

एकच मार्कर धरून बसणं

मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे पेशीच्या केंद्रकाबाहेरचा डीएनए, स्वस्त पडतो, लवकर होतो, म्हणून सगळे त्याच्यामागे. तो फक्त आईकडून येतो, हे बारावीत शिकलेलं असतं. तरी संकराचा प्रश्न त्यालाच विचारतात.

बेस्टर हा 1952 साली सोव्हिएत संघात केलेला संकर आहे. आई बेलुगा, बाप स्टर्लेट, तीही स्टर्जनचीच जात. बेस्टरच्या कॅव्हिअरची मायटोकॉन्ड्रियल तपासणी केली, तर उत्तर येणार "बेलुगा". आता याच्या उलट अडचण बघा. कॅस्पियनमधल्या काही अस्सल रशियन स्टर्जनमध्ये सैबेरियन स्टर्जनसारखा मायटोकॉन्ड्रियल डीएनए सापडतो. तेवढ्यावरून मासा सैबेरियन ठरवलात तर चुकलात. आपल्याकडे हॅचरीत कटला आणि रोहूचे संकर होतात, तिथेही हेच लागू. केंद्रकातले मार्कर सोबत हवेतच. पैसे कमी असतील तर नमुने कमी करा, पण दोन्ही प्रकारचे मार्कर ठेवा.

चार पट्ट्या दिसल्या की दोन पुसून टाकणं

ही चूक बघितली की मला खरंच राग येतो, कारण इथे माणूस डोळ्यांनी दिसणारी गोष्ट नाकारतो.

स्टर्लेट आणि बेलुगामध्ये साधारण 120 गुणसूत्रं असतात. रशियन आणि सैबेरियन स्टर्जनमध्ये 250च्या आसपास, तर अमेरिकेतल्या शॉर्टनोज स्टर्जनमध्ये 370च्या घरात. म्हणजे रशियन स्टर्जनमध्ये संच दुप्पट असल्यानं एका मायक्रोसॅटेलाइटवर एकाच माशात चार अलील (त्या जागेची वेगवेगळी रूपं, निकालात प्रत्येकाची एक पट्टी) दिसू शकतात. मुलांनी वापरलेल्या सॉफ्टवेअरला मात्र दोनच रकाने माहीत. मग "बाकीचा कचरा आहे मॅडम" म्हणून दोन पट्ट्या उडवायच्या आणि पुढे जायचं. त्यानंतर काढलेला प्रत्येक आकडा निरर्थक असतो.

असं झालं तर मी आधी बघते, की मार्कर खरंच चार प्रतींचा आहे की प्रायमर (हवा तो भाग गाठणारा डीएनएचा छोटा तुकडा) दोन वेगळ्या जागांना चिकटतोय. शक्य असेल तर ओळखीचं कुटुंब, म्हणजे नर, मादी आणि त्यांची पिल्लं, घेऊन अलील कसे खाली उतरतात ते तपासायचं. जे मार्कर साध्या दोन प्रतींसारखे वागतात ते वेगळे काढायचे. उरलेल्यांसाठी अलील आहे की नाही एवढीच नोंद करायची. तीन पट्ट्या दिसल्या तर कोणता अलील दोनदा आहे, याचा अंदाज पट्टीच्या जाडीवरून बांधू नका. मी तरी त्यावर विश्वास ठेवत नाही.

आपल्या माशांना हे लागू नाही, असं समजू नका. रोहू, कटला, मृगळ यांची गुणसूत्रं 50, पण सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, याची 100 आणि आपल्या महाशीरचीही 100. या दोघांच्या पूर्वजांत कधीतरी सगळा संच दुप्पट झाला. त्यामुळे महाशीरवर काम करताना सगळेच मासे संकरयुग्मी (एका जागी दोन वेगळे अलील असलेले) दिसायला लागले, तर आनंदानं उड्या मारू नका. दोन जागांचे अलील एकत्र वाचले जात असण्याची शक्यता आधी तपासा.

संवर्धनाच्या नावाखाली कुठलंही बीज कुठेही

बाल्टिक समुद्रात पूर्वी युरोपियन स्टर्जनच होता, असंच धरून चालले होते. 2002 मध्ये संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए बघितल्यावर कळलं, की तिथे कित्येक शतकांपूर्वीच उत्तर अमेरिकेचा अटलांटिक स्टर्जन येऊन स्थिरावला होता. म्हणून आज ओडर आणि व्हिस्टुला नद्यांत सोडली जाणारी पिल्लं कॅनडातल्या सेंट जॉन नदीच्या वंशाची आहेत. आधी तपास, मग बीज. हे काम मला मनापासून आवडतं.

आपल्याकडचं उदाहरण उलटं आहे. सह्याद्रीतला महाशीर साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवला. हेच पाणी भीमेतून उजनीत येतं. लोणावळ्याला त्याची पैदास यशस्वी झाली आणि बोटुकली दूरदूर गेली, पार कावेरीपर्यंत. तिथला कुबडाचा महाशीर आज अतिसंकटग्रस्त आहे, आणि त्याचं शास्त्रीय नाव कोणतं हे 2018 मध्ये पक्कं झालं. ज्याचं नावही पक्कं नव्हतं त्याच्या पाण्यात दुसरा सोडून झाला होता. बीज सोडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी मान्य करते. तपासाचा क्रम चुकला.

बाकीच्या, थोडक्यात

प्राणिशास्त्र विभागातल्या बरणीतला मासा घेऊ नका. फॉर्मालिननं डीएनएचे तुकडे पडतात.

परासाठी 95 टक्क्यांचं इथेनॉल वापरा आणि एका दिवसानं ते बदला. एप्रिल-मेमध्ये सोलापूर 40 अंशांच्या वर असतं. गाडीच्या डिकीत ठेवलेल्या कुप्यांमधलं अल्कोहोल झाकण सैल असलं की उडून जातं. थर्मोकोलचा डबा आणि बर्फ न्या.

लेबल शिसपेन्सिलीनं कागदावर लिहून कुपीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

पराचा नखाएवढा तुकडा पुरतो. त्यासाठी मासा मारू नका.

परदेशातल्या ओळखीच्या माणसाकडून स्टर्जनचा तुकडा टपालानं मागवू नका. 1998 पासून स्टर्जनच्या सगळ्या जाती साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, आणि परवान्याशिवाय नमुना सीमा ओलांडू शकत नाही.

प्रत्येक पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या क्रियेत) डीएनए नसलेली एक नळी ठेवा. तिच्यात पट्टी आली तर त्या दिवसाचं सगळं काम फेकून द्या, कितीही जीव तुटला तरी.

जेनबँकेत शोध घेतल्यावर वरच्या ओळीत येणारं नाव हीच जात, असं धरू नका. चुकीच्या नावाचे सिक्वेन्स तिथे आहेत. निदान तीन वेगळ्या अभ्यासांतल्या नोंदी जुळवून बघा.

आणि स्वतःचे सिक्वेन्स तिथे टाकताना ठिकाण म्हणून नुसतं "इंडिया" लिहून मोकळे होऊ नका. गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, मासा जाळ्यातला की बाजारातला, सगळं लिहा.