वेसनॉथमध्ये रात्र पडली की फौज का कापली जाते? या चुका टाळा

'बॅटल फॉर वेसनॉथ' हा आळीपाळीने चाली करायचा लढाईचा कॉम्प्युटर गेम 2003 पासून फुकट मिळतो, जुन्यापान्या डेस्कटॉपवर चालतो आणि एकट्याने खेळायला नेट लागत नाही. तरीही पहिल्याच मोहिमेत पोरं वैतागतात आणि म्हणतात, कॉम्प्युटर चीटिंग करतंय. करत नाही. सगळे आकडे तो वार करायच्या आधीच दाखवतो, म्हणून तर हरलेला माणूस पुन्हा खेळायला बसतो.

घड्याळ न बघता चढाई. दिवस सहा टर्नचा (टर्न म्हणजे खेळाची एक पाळी): पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर. माणसांचा भालेवाला दिवसा 25 टक्के जास्त मारतो, रात्री तितकंच कमी. त्याचा 7 चा वार दुपारी 9 होतो, रात्री 5. समोरच्या ऑर्क ग्रंटचं (ऑर्क या राक्षसी जमातीचा साधा शिपाई) उलटं: 9 चा वार दिवसा 7, रात्री 11. पहिली टर्न पहाटेची असेल तर पाचवी-सहावी रात्रीची. नवखे चौथ्या टर्नला जोशात पुढे जातात आणि नेमके अंधारात उघड्यावर सापडतात. संध्याकाळ झाली की मागे या, गावं धरा. पहाटे परत निघा.

पाण्यात उभं राहून लढणं. आपला भुईकोट किल्ला आठवा: आत तट, बाहेर खंदक. तोच हिशेब इथे. भालेवाला किल्ल्याच्या किंवा गावाच्या घरात असेल तर त्याला वार लागायची शक्यता 40 टक्के, मैदानात 60, उथळ पाण्यात किंवा दलदलीत थेट 80. म्हणून ओढा ओलांडून शत्रूच्या मागे धावू नका. काठावर थांबा, त्याला पाण्यात येऊ द्या. तटाआडचा शत्रू हलतच नसेल तर मेज, म्हणजे जादूगार, काढा. त्याची जादू जमीन कुठलीही असो, 70 टक्केच लागते. एका हल्ल्यातले तीनही वार वाया जायची शक्यता तीन टक्क्यांहून कमी. भालेवाल्याची तिथे जवळपास 22. मात्र मेज 20 सोन्याचा आणि 24 जिवाचा, त्याला पुढच्या रांगेत रात्र काढायला लावणं म्हणजे पैसे ओतणं.

गावं सोडून देणं. मूळ उत्पन्न टर्नला 2, गावामागे 1 धरू. प्रत्येक युनिट, म्हणजे आपला एकेक सैनिक, आपल्या लेव्हलएवढा पगार खातं, पण एक गाव एका लेव्हलचा पगार उचलतं. सहा पहिल्या लेव्हलची युनिटं आणि चार गावं, तर हातात 4 सोनं. एक गाव गेलं की 2. म्हणजे फटका दुप्पट. गावात जखमी युनिट टर्नला 8 जीव भरून काढतं, हे वेगळंच.

सगळे बळी एकाच हिरोला. नुसती झटापट झाली तर शत्रूच्या लेव्हलएवढा अनुभव, ठार मारलं तर त्याच्या आठपट. शेवटचा घाव नव्या पोरांना घालू द्या. पुढच्या लढाईत जुना गडी बोलवायला साधारण 20 सोनं लागतं, एकटा हिरो बोलावून भागत नाही.

मे महिन्यात भरदुपारी लाइट गेली तर घाबरू नका, प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला गेम आपोआप सेव्ह होतो. तीच फाइल हरल्यावरही कामाची. फक्त शेवटची टर्न पुन्हा पुन्हा लोड करून नशीब आजमावू नका. तीन टर्न मागची उघडा, चूक बहुतेक तिथे झालेली असते.