क्लुजच्या पेंटिंगचा अभ्यास करायचाय? मग आधी हे वाचा

रोमानियन निओ-एक्स्प्रेशनिझमवर (जाड रंग, मोडलेल्या आकृत्या आणि तीव्र भावना असलेली चित्रशैली) काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं बरेच जण विचारतात. मी रोमानियातल्या क्लुज शहरात शिकायला होते तेव्हा जे कळलं ते सांगते, थोडं विस्कळीत असेल, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे रोमानियन चित्रकार आद्रियान गेनियेच्या लिलावाच्या बातम्या बाजूला ठेवा. 2016 मध्ये त्याचं 'निकेलोडियन' ख्रिस्टीजला 71 लाख पौंडांना गेलं आणि तेव्हापासून जो तो किमतीचंच बोलतो, त्यातून चित्र काही कळत नाही. त्याऐवजी डिसेंबर 1989 वाचा. तिमिशोआरा शहरापासून पेटलेला उठाव, नाताळच्या दिवशी घाईघाईत उरकलेला हुकूमशहा चाउशेस्कू आणि त्याच्या बायकोचा खटला आणि लगेच गोळ्या, हे सगळं देशानं टीव्हीवर बघितलं. गेनिये 1977 चा, म्हणजे तेव्हा 12 वर्षांचा पोरगा. पुढे त्यानं तो खटला रंगवलासुद्धा.

आता भावना. नवीन माणूस चेहऱ्यावर दुःख शोधत बसतो आणि इथे चेहराच नसतो! गेनियेची 'पाय फाइट' (Pie Fight) मालिका बघा, जुन्या विनोदी सिनेमात तोंडावर केक फेकतात ना, तिथून घेतलेली. पण क्रीमच्या जागी जाड रंग थापलाय, तोंड पुसलं गेलंय, आणि हसू यायच्या ऐवजी चारचौघांत अपमान झालेल्या माणसाकडे बघतोय असं वाटतं. त्याच्याकडे ब्रशपेक्षा पॅलेट नाइफ (रंग थापायची बोथट सुरी) जास्त चालतो, रंग ओढायचा, खरवडायचा, वरून परत थापायचा. म्हणून फोटोवरून लिहू नका. कॅनव्हासच्या बाजूला उभं राहून तिरकं बघा, कुठला थर आधीचा ते दिसतं. मी तर स्वस्तातले बोर्ड आणून नाइफने तसंच करून बघायचे, चित्रं भिकार व्हायची पण हाताला जे कळलं ते लेक्चरमध्ये कळलं नव्हतं.

आणि क्लुजच्या सगळ्या चित्रकारांना एकाच पिशवीत कोंबू नका प्लीज. 'क्लुज स्कूल' हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं, यांचा काही जाहीरनामा वगैरे नाही. शेर्बान सावूची माणसं निवासी इमारतींच्या सावलीत, कामाच्या जागेवर नुसती बसलेली, कसलाही आरडाओरडा नाही, 2024 ला व्हेनिस बिएनालेच्या (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) रोमानियन पॅव्हेलियनमध्ये तोच होता. त्याला एक्स्प्रेशनिस्ट म्हणणं मला तरी पटत नाही. व्हिक्टर मान अंधारा, हिरवट-काळा, स्वतःतच मिटलेला. समान काय, तर बेसिक ड्रॉइंग पक्कं. तिथल्या आर्ट युनिव्हर्सिटीत आकृती काढायला जुन्या पद्धतीनं घासून घेतात, तुमचं फिगर ड्रॉइंग कच्चं असेल तर जायच्या आधीच हात बसवा.

मागे जायचं असेल तर चित्रकार कोर्नेलिउ बाबा (1906–1997) सोडू नका. त्याचा 'वेडा राजा' बघितलात की सत्ता आणि भीती हा विषय 1989 नंतर अचानक उगवला नाही हे लक्षात येईल. माझ्या मते गेनियेपेक्षा बाबाच जास्त हलवतो, पण हे ऐकून तिथले माझे मित्र चिडायचे.

प्रॅक्टिकल गोष्टी. प्लॅन बी गॅलरी 2005 मध्ये मिहाइ पॉप आणि गेनिये यांनी क्लुजमध्ये काढली, 2008 पासून बर्लिनलाही आहे. ब्रश बनवायच्या जुन्या कारखान्यात 2009 ला सुरू झालेली 'फाब्रिका दे पेन्सुले' सगळ्या लेखांत सापडते, पण तिथले कलाकार नंतर पांगले, तेव्हा जुन्या लेखावर भरवसा ठेवून पत्ता शोधत फिरू नका. गेनियेची मोठी कामं परदेशातल्या म्युझियममध्ये नाहीतर खाजगी संग्रहात, त्यामुळे क्लुजला गेलं की सगळं बघायला मिळेल असं समजू नका.

बुखारेस्टला गेलात तर समकालीन कलेचं म्युझियम चाउशेस्कूच्या त्या अवाढव्य पार्लमेंट पॅलेसमध्येच आहे, 2004 पासून. एंट्री मागच्या बाजूनं. ही इमारत उभी करायला जुन्या वस्त्या पाडल्या होत्या, त्यामुळे आधी बाहेरून पायी एक चक्कर मारा, दमायला होतं, पण मारा, आणि मग आत जा.