जुना गिअरबॉक्स बसवण्याआधी: धुतलेला नको, तेलासकट हवा

कुर्ल्यासारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गिअरबॉक्स अनेकदा डिझेलने धुऊन चकाचक करून मांडलेला असतो. तो शक्यतो टाळा. आत काय झालंय याचा सगळ्यात खरा पुरावा म्हणजे आतलं जुनं तेल, आणि धुताना नेमकं तेच जातं. बाहेरून मळका, चिकट, पण ड्रेन प्लग (तेल काढायचं खालचं बूच) न उघडलेला बॉक्स मिळाला तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

त्याआधी जुळणी. मारुतीच्या छोट्या पेट्रोल गाड्यांचंच घ्या. अल्टो ८०० मध्ये एफ८डी इंजिन, जुन्या अल्टो के१० मध्ये के१०बी. दोन्ही अल्टोच, म्हणून बॉक्स एकमेकांना चालेल असं धरू नका. बाजारात जाताना आपल्या गाडीची जुनी क्लच प्लेट बरोबर न्या. ती इनपुट शाफ्टवर, म्हणजे इंजिनची ताकद बॉक्समध्ये नेणाऱ्या दांड्यावर, विनाजोर सरकली पाहिजे. बेल हाऊसिंगची (इंजिनला जोडणाऱ्या घंटेसारख्या तोंडाची) बोल्टची भोकं, डॉवेलच्या (जुळणी नेमकी बसवणाऱ्या पिनांच्या) जागा, बॉक्स गाडीला धरून ठेवणारे माउंटिंगचे कान, गिअर केबलचे लिव्हर, रिव्हर्स लाइटचा स्विच आणि स्पीडोमीटरची जागा हे सगळं आपल्या बॉक्सच्या फोटोशी ताडून बघा.

आता तेल. पांढऱ्या ताटात काढा आणि प्लगवरचं चुंबक बोटाने पुसा. करड्या रंगाची मऊ पेस्ट दिसली तर ती नेहमीची झीज आहे, घाबरू नका. बोटाला टोचणारे तुकडे म्हणजे गिअरचा दात तुटलाय किंवा बेअरिंग फुटलंय; तो बॉक्स तिथेच सोडा. तेलात सोनेरी चमक असेल तर पितळी सिंक्रोनायझर रिंगा (गिअर खरखर न होता पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या) झिजल्यात, आणि पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ताट उन्हात तिरकं धरून बघावं लागतं. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं. अशा पुरात बुडालेल्या गाड्यांचे भागही पुढे बाजारात येतात. पाणी ब्रीदरमधून (बॉक्सच्या हवा जायच्या भोकातून) आत जातं, बेअरिंगवर गंजाचे खड्डे पाडतं, आणि मग तेल कितीही बदललं तरी घरघर थांबत नाही. तेल आधीच काढलेलं असेल तर रिव्हर्स स्विच खोलून भोकातून टॉर्च मारा. गंज किंवा गाळ तिथे दिसतो.

बाहेरून माउंटिंगच्या कानांभोवती आणि बेल हाऊसिंगच्या कडेला तडे शोधा. ॲल्युमिनियमवर वेल्डिंग केलेलं दिसलं तर नको म्हणा.

मग बॉक्स न्यूट्रलला घेऊन इनपुट शाफ्ट वर-खाली हलवा. या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत शाफ्टला बॉक्सची स्वतःची बेअरिंग असतात, त्यामुळे प्ले (ढिलेपणा) जाणवेल-न जाणवेल इतकाच हवा. क्लच प्लेट शाफ्टवर चढवली की ती फिरवायला स्टिअरिंगसारखी उपयोगी पडते. फिरवताना खरखर हाताला जाणवते. कानावर विसंबू नका, कारण कोरडा बॉक्स चांगला असूनही आवाज करतो.

गिअर तपासताना प्रत्येक गिअर टाकून शाफ्ट पुढे-मागे झटकून बघा. गिअर सुटता कामा नये. मग फेरे मोजा. ॲक्सलच्या दोन्ही भोकांत जुन्या ॲक्सलची टोकं घाला, एक कुणाला तरी घट्ट धरायला सांगा, दुसऱ्यावर खडूची खूण करा. एक बाजू धरली की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागामुळे) दुसरी दुप्पट वेगाने फिरते. म्हणून त्या टोकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे पहिल्या गिअरला साधारण सात आणि पाचव्याला दीडच्या आसपास फेरे होतात. हेच आपल्या जुन्या बॉक्सवर मोजा. आकडे वेगळे आले तर गिअर किंवा फायनल ड्राइव्ह (ॲक्सलकडे ताकद देणारी शेवटची गिअरजोडी) वेगळा आहे. गाडी ओढेल, पण पिकअप आणि ॲव्हरेज बदलेल. सिंक्रोची पूर्ण परीक्षा मात्र हाताने होत नाही, ती रस्त्यावरच होते. त्यासाठी विक्रेत्याकडून बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या.

बसवण्याआधी इनपुट शाफ्टचं आणि दोन्ही ॲक्सलची ऑइल सील नवी टाका, क्लच दाबणारं रिलीज बेअरिंग बदला. इंजिनचं मागचं क्रँक सील गळत असेल तर तेही आत्ताच, कारण त्याच्यासाठी नंतर पुन्हा बॉक्स उतरवावा लागतो. क्लच प्लेट सेंटरिंग टूलने मधोमध बसवा. चढवताना बॉक्सचं वजन शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, प्लेटचा हब वाकतो. इंजिन आणि बॉक्समधली फट हातानेच मिटली पाहिजे. बोल्ट आवळून ओढली तर कान तुटतो.

तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घाला. तिथे ७५डब्ल्यू-९० जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-५ चा डबा उचलू नका. त्यातल्या काही रसायनांनी पितळी रिंगा खराब होऊ शकतात. गाडी सपाट जागेवर उभी करून लेव्हल प्लगच्या भोकातून तेल बाहेर यायला लागेपर्यंत भरा, साधारण २ लिटर लागतं. पहिले ५०० किलोमीटर झाले की तेच तेल काढून पुन्हा पांढऱ्या ताटात बघा.