कोकणातल्या घरांचं व्हिजिटेशन: नव्या प्रोव्हिन्शियल सिस्टरसाठी

प्रोव्हिन्शियलचं, म्हणजे धर्मभगिनींच्या संघाच्या एका प्रांताच्या प्रमुखाचं, काम ऑफिसात कमी आणि सिस्टरांच्या घरोघरी (कॉन्व्हेंटांत) जास्त. कॅनन लॉच्या (कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या) कलम 628 प्रमाणे व्हिजिटेशन, म्हणजे घरांना आणि तिथल्या सिस्टरांना भेट देऊन पाहणी, करावंच लागतं. ते किती वर्षांनी, हे आपल्या संघाच्या घटनेत पाहा.

घरं वसईपासून सावंतवाडीपर्यंत विखुरलेली असतील तर गणपती, शिमगा आणि मे महिना टाळा. गाड्यांचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि सणाच्या गाड्या बघता बघता भरतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात, म्हणून एका दिवसात दोन घरं धरू नका. नोव्हेंबर बरा. डिसेंबरात नाताळ, मार्चमध्ये परीक्षा आणि बहुधा ईस्टरआधीचा उपवासकाळही.

महिनाभर आधी पत्र पाठवून घराची दैनंदिनी, सभांचं इतिवृत्त, कॅशबुक, पासबुक आणि सामानाची यादी तयार ठेवायला सांगा. पेटीतली रोकड स्वतः मोजून कॅशबुकाशी ताडा. गडबड बहुतेक वेळा चोरीची नसते, सरमिसळीची असते: शाळेच्या गॅदरिंगचा मंडप घराच्या पैशातून, घराचा सिलिंडर शाळेच्या बिलात. सुपीरियर (घराची प्रमुख) आणि खजिनदार एकच असेल तर ते जमेल तितक्या लवकर बदला; कलम 636 लाही तेच अपेक्षित आहे. रोमच्या जनरलेटकडून (संघाच्या मुख्यालयाकडून) आलेला पैसा ही विदेशी देणगीच. तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यायला हवा. विदेशी देणगी कायद्यातल्या (FCRA) 2020 च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. शेजारचं घर वेगळ्या ट्रस्टखाली असेल, तर ‘तात्पुरते’ दिलेले पैसेही अंगाशी येतात.

हिशेब अर्ध्या दिवसात उरकतो. उरलेला सगळा वेळ ऐकण्यासाठी ठेवा. प्रत्येक सिस्टरला एकटीला भेटा, किमान पाऊण तास. सुपीरियरला शेवटी बोलवा. तिचं आधी ऐकलं की बाकीच्यांचं बोलणं तिच्याच चष्म्यातून दिसू लागतं. तिने आधीच ‘काय सांगायचं, काय नाही’ अशी बैठक घेतली असेल, तर तिला स्पष्ट बजावा: कलम 628 नुसार कुणालाही मोकळेपणाने बोलण्यापासून अडवता येत नाही.

जागा नीट निवडा. जुन्या कौलारू घरात मधल्या भिंती अनेकदा आढ्यापर्यंत जात नाहीत. पार्लरमधलं (पाहुण्यांच्या खोलीतलं) कुजबुजणंही वरून स्वयंपाकघरात पोचतं आणि सिस्टर ‘सगळं ठीक आहे’ म्हणून उठते. त्यापेक्षा परसात माडाखाली दोन खुर्च्या टाका. झावळ्या आणि नारळ उतरवलेला माड बघूनच.

तब्येत, झोप, कामाचा भार, घरच्यांची चौकशी, इथून सुरुवात करा. अंतःकरणातलं उघड करायला भाग पाडू नका. कलम 630 त्याला मनाई करतं. ती आपणहून बोलली तर गोष्ट वेगळी. बदलीचा शब्द जागेवर देऊ नका, तो विषय कौन्सिलपुढे (आपल्या सल्लागार मंडळापुढे) न्या. टिपणं ती उठून गेल्यावर काढा.

अहवाल महिन्याच्या आत पाठवा, सूचना तीन-चारच. सुपीरियरला तोंडावर सांगितलं नाही असं तिच्याविषयी काहीही त्यात लिहू नका.