घरच्या भट्टीत वारा सांभाळा

लोहारकाम शिकायचं म्हणून आधी ऐरणीच्या मागे लागू नका. सुरुवातीला मोठ्या घणाचं डोकं लाकडी ओंडक्यात बसवलं तरी चालतं. पैसा आणि डोकं भट्टीत घाला. बेळगाव-निपाणीकडे भंगारात लॉरीचा जुना ब्रेक ड्रम मिळतो, तीच भट्टी. तळाला भोकं पाडलेला जाड पत्रा, खाली लोखंडी पाइप, त्याला छोटा ब्लोअर. पाइप जस्त चढवलेला मात्र अजिबात नको. तापला की पांढरा धूर सुटतो आणि तो श्वासात गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आहेत म्हणून कोकचा, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशाचा, मोह होईल. कोक पेटायला हट्टी, वारा थांबला की मंदावतो. नवशिक्यानं लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसाच घ्यावा. ठिणग्या फार उडतात, तेव्हा चष्मा आणि सुती कपडे हवेतच. भट्टी उघड्यावर, गवताच्या गंजीपासून लांब.

खरी मेख वाऱ्यात. ब्लोअरच्या तोंडाशी सरकता पत्रा लावा आणि गरजेपुरताच उघडा. वारा जास्त झाला की कोळसा फुकट जळतो, लोखंडावर खपल्या धरतात. सळी तळाशी खुपसू नका, निखाऱ्यांच्या मधोमध आडवी ठेवा, वर आणखी कोळसा. केशरी-पिवळी झाली की ठोका, लाली काळवंडायला लागली की परत आत. सळी पांढरी होऊन फुलबाजीसारखी तडतडली तर ती जळाली. तेवढा तुकडा कापून टाका. सरावाला १० मिमीची साधी गोल सळी पुरे. गाडीच्या कमानपाट्याचं (स्प्रिंगच्या पट्ट्यांचं) पोलाद नंतर.