एज की लेव्हल? इंटरप्ट लावताना या चुका टाळा

फोंड्यात आमच्या वाड्यावर सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू आला तर पाव मिळतात, नाही तर तो पुढच्या वाड्यावर निघून जातो. चिप प्रोसेसरचं लक्ष वेधायला जी हाक देते ती इंटरप्ट, आणि त्यातल्या एज ट्रिगरचा स्वभाव असाच: सिग्नल बदलला त्या क्षणी एकच हाक. लेव्हल ट्रिगर म्हणजे दार उघडेपर्यंत बेल दाबून धरणारा पाहुणा. लिनक्सचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) लिहिताना हा फरक नजरेआड झाला की दिवसच्या दिवस वाया जातात.

गेल्या पावसाळ्यात कुंडईच्या एका कारखान्यासाठी टाकीतल्या पाण्याची पातळी मोजणारा बोर्ड मी जोडला. डेटा शिल्लक असेपर्यंत चिप इंटरप्टची लाइन खाली ओढून धरायची, आणि मी लावला होता फॉलिंग एज, म्हणजे लाइन वरून खाली येण्याचा क्षण. दोन-तीन तास सगळं सुरळीत, मग एकदम गप्प. रीस्टार्ट केलं की पुन्हा चालू. वायर बदलली, पॉवर सप्लाय बदलला. दोष निराळाच होता: हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारा कोड) पहिलं रीडिंग वाचत असतानाच दुसरं येऊन पडायचं, त्यामुळे लाइन वर जायचीच नाही. वर गेली नाही तर पुन्हा खाली कशी येणार? एज कायमची हुकली. ट्रिगर लेव्हल लो केला, म्हणजे लाइन खाली असेपर्यंत हाक, आणि प्रश्न मिटला. तुमच्या इंटरप्ट कंट्रोलरला लेव्हल जमत नसेल, तर चिपचं स्टेटस रिकामं होईपर्यंत हँडलरमधून बाहेर पडू नका.

लेव्हल लावताना पोलॅरिटी (हाय की लो) उलटी पडली तर वेगळाच गोंधळ होतो. लाइन निवांत असतानाही इंटरप्टचा भडिमार सुरू राहतो. 1,00,000 पैकी 99,900 इंटरप्ट कोणीच हाताळले नाहीत, की कर्नल (लिनक्सचा गाभा) ‘नोबडी केअर्ड’ (कोणी दखल घेतली नाही) असं नोंदवून ती लाइन बंद करतो. त्याच संदेशात आयआरक्यूपोल हा बूट करतानाचा पर्याय वापरून पाहायचा सल्ला असतो. त्यामागे लागण्याआधी चिपची डेटाशीट उघडा.

आय-टू-सी (दोन तारांची बस) वरची चिप थ्रेडमध्येच, म्हणजे हँडलरच्या मागाहून चालणाऱ्या भागातच, वाचावी लागते. तिथे थ्रेड संपेपर्यंत लाइन बंद ठेवणारा वनशॉट फ्लॅग विसरू नका, नाही तर थ्रेडने चिप वाचण्याआधीच लाइन पुन्हा उघडते आणि तोच इंटरप्ट परत परत येतो. थ्रेडच्या आधी लगेच चालणारा प्राथमिक हँडलर दिलाच नसेल तर कर्नल वनशॉटशिवायची इंटरप्टची विनंती सहसा नाकारतो. हा हँडलर स्वतः लिहिला असेल तर मात्र कोणी अडवत नाही.

ट्रिगर ड्रायव्हरमध्ये पक्का लिहून टाकणं मला चूकच वाटतं. तो डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डवर काय कुठे जोडलंय ते सांगणाऱ्या फाइलमधल्या) नोंदीवर मात करतो, आणि मध्ये सिग्नल उलटा करणारा इन्व्हर्टर असलेल्या पुढच्या बोर्डवर तोच ड्रायव्हर फसतो. डिव्हाइस ट्रीत 1 म्हणजे रायझिंग, 2 फॉलिंग, 3 दोन्ही एज, 4 हाय, 8 लो. एआरएमच्या जीआयसी या इंटरप्ट कंट्रोलरवर सामायिक पेरिफेरल इंटरप्टना (कोणत्याही कोरकडे जाऊ शकणाऱ्या) फक्त 1 आणि 4 चालतात.

कुठेही अडलात तर आधी प्रॉकमधली इंटरप्ट्सची फाइल (/proc/interrupts) पाहा; तिथे प्रत्येक इंटरप्ट किती वेळा आला ते दिसतं. आकडा थिजला असेल तर एज हुकली असण्याची शक्यता मोठी. तो सुसाट धावत असेल तर पोलॅरिटी तपासा, नाही तर चिपचा स्टेटस साफ करायचा राहिला आहे का ते पाहा.