तरीचा (नावेनं नदी ओलांडायचा) घाट पंचायतीकडं घ्यायचाय? मग ठरावात बंदर लिहू नका

आमच्या नदीकाठच्या पंचायतीनं पहिल्यांदा ठराव पाठवला त्यात कुणीतरी हौसेनं "बंदर व जलवाहतूक" लिहिलं, झालं, तालुक्यावरनं कागद परत, बंदर तुमच्याकडं कुठनं आलं म्हणून. बरोबरच हाय की ओ. मोठी बंदरं केंद्राची, बाकीची समवर्ती सूचीत (केंद्र-राज्य दोघांच्या विषयांच्या यादीत), म्हणून कारवारचं बंदर कर्नाटक मेरिटाइम बोर्डाकडं. ते नगरपालिकेकडं द्यायचं तर राज्याच्या लेवलला कायद्यात बदल लागणार, गावातल्या ठरावानं काय होत नाही.

तरीचं तसं नाही. संविधानाच्या अकराव्या परिशिष्टात (पंचायतींना देता येणाऱ्या विषयांची यादी) १३ नंबरला रस्ते, पूल यांच्यासोबत फेरी, जलमार्ग पण हायत. पण परिशिष्टात नाव हाय म्हणून ताबा आपोआप मिळत नाही, कलम २४३जी प्रमाणं राज्यानं तो कायद्यानं द्यावा लागतो, म्हणून मागणी नेमकी पाहिजे.

आधी आरटीआय टाका, १० रुपये फी. घाटाची जागा कुणाच्या नावावर, तरी चालवायच्या हक्काचा शेवटचा लिलाव कुणी केला, त्या ऑर्डरची कॉपी द्या, एवढंच विचारा, कारण इथं कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द असा नियम हाय. आणि आरटीआय मराठीत चालत नाही, कन्नड, इंग्रजी नाहीतर हिंदी. उलट गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीत द्यायचा हक्क कलम ३५० नं दिलाय, तो बिनधास्त द्या, फक्त मागं कन्नड कॉपी पिन करा, नायतर टेबलावरच पडून राहतो (अनुभव!).

मग ग्रामसभा. कोरम भरल्याशिवाय सह्या गोळा करू नका. ठरावात तीनच गोष्टी मागा: लिलाव, भाडं ठरवणं, घाटाची दुरुस्ती, आणि दुरुस्तीला पैसे कुठनं येणार ते पण त्यातच लिहून घ्या. इंजिनवाल्या नावेची तपासणी नि नोंदणी मागायच्या भानगडीत पडू नका, ते राज्याचं काम. बिनइंजिनच्या, वल्ह्याच्या नावांचं काम मात्र स्थानिक संस्थांकडं द्यायची सोय २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यातच हाय, तेवढं मागा. अर्ज पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) मार्फत वर पाठवा, पोच घेतल्याशिवाय हलू नका.

ऑर्डर आली तरी लगेच सही नको. पाणी उतरल्यावर घाटावर जाऊन मोबाइलवर फोटो काढा, आमच्यात खालनं तिसरी पायरी फुटलेली आणि दोर बांधायची कडी गंजून निम्मी झालेली, ते ताब्याच्या कागदात लिहून घेतलं म्हणून तो खर्च पंचायतीवर आला नाही.